अल्तारामागची डबी



पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अशाच एका शुक्रवारी आपल्या धर्मग्रामातल्या एका मावशींच्या घरी गेलो होतो. मावशींना स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात केमोथेरपी चालू होती. प्रार्थना आटोपली, चहा आला. तेवढ्यात मावशींनी घरच्या अल्तारावरच्या मरियामातेच्या पुतळ्यामागून एक डबी काढली आणि हळूच म्हणाल्या, “फादर, हे चूर्ण भाच्याने आणून दिलंय. सकाळ-संध्याकाळ घेते. डॉक्टरांना सांगितलं नाही, ओरडतील.”

आम्ही काय केले? आम्ही हसलो. डबीवर ना नाव होते, ना आत काय आहे त्याची यादी. तरी आम्ही काही विचारले नाही. औषधपाण्यात आपण कशाला बोलायचे, असे मनाशी म्हणालो, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो.

दीड महिन्याने कळले की मावशींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि केमो तीन आठवडे थांबवावी लागली. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले तेव्हा डबीची गोष्ट बाहेर आली. हे चूर्णामुळेच झाले, असे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितले नाही, कारण केमोच्या औषधांनीही यकृतावर ताण येऊ शकतो. त्यांचे म्हणणे एवढेच होते, “मला माहीतच नसेल तर मी शोधू कुठे?” आम्ही भेटायला गेलो तेव्हा मावशी रागावल्या नाहीत. पण त्या जे बोलल्या ते आमच्या मनातून अजून गेलेले नाही. “फादर, तुम्हाला सांगितलं होतं ना. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, चालतं.”

हे संभाषण पापनिवेदनातले नव्हते, चहाच्या टेबलावरचे होते. ते इथे लिहायला मावशींनी स्वतः परवानगी दिली आहे. “दुसऱ्या कुणाचं तरी भलं होईल,” असे त्या म्हणाल्या. म्हणून आज हा विषय घेतला आहे. डॉक्टरांचे उपचार चालू असताना सोबत काढे, चूर्णे, मालिश, योगासने, ध्यान, सुईचे उपचार, होमिओपॅथीच्या गोळ्या असे काही घ्यावे की नाही? आपल्या श्रद्धेच्या आणि विवेकाच्या दृष्टीने यात बरोबर काय, चूक काय?

सोबत की ऐवजी?

आधी दोन शब्द वेगळे करू या. एक ‘पूरक’ आणि दुसरा ‘पर्यायी’. डॉक्टरांच्या उपचारासोबत जे घेतो ते पूरक, आणि तो उपचार सोडून त्याच्या जागी जे घेतो ते पर्यायी. मालिश तीच, काढा तोच, पण एका घरात तो पूरक असतो आणि शेजारच्या घरात पर्यायी. म्हणजे नुसत्या वस्तूकडे पाहून हा प्रश्न सुटत नाही. आपण ती कशासाठी घेतो आणि ती घेताना काय सोडतो, हेही पाहावे लागते.

काही भाविकांना वाटते की खरी श्रद्धा असेल तर औषधाची गरज नाही. पवित्र बायबल असे शिकवत नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दारी होता. त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातल्या २० व्या अध्यायात ही गोष्ट आहे. प्रार्थनाही आहे आणि लेपही आहे, एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. बेन सिराच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधी वनस्पती देवानेच जमिनीतून उगवल्या आहेत याची आठवण देतो. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. संत पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. आणि त्याच पौलाचा सोबती संत लूक वैद्य होता.

तेव्हा देव कधी थेट बरे करतो, कधी डॉक्टरांच्या हातून करतो, कधी एखाद्या झाडाच्या मुळीतून करतो. देणारा एकच आहे.

मनाला बरे वाटणे हेही बरे होणेच

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा ‘सुम्मा’ ग्रंथ वाचला. दुःख कशाने हलके होते, असा प्रश्न संत थॉमस त्यात विचारतात. आम्हाला वाटले होते, उत्तर येईल प्रार्थना आणि धीर. संत थॉमस एकेक उपाय सांगत जातात. आनंद देणारी गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि शेवटी झोप व स्नान! तेराव्या शतकातला एवढा मोठा ईशज्ञानी दुःखी माणसाला आंघोळ करून झोपायला सांगतो, याचे तेव्हा हसू आले होते. आता आजाऱ्यांच्या घरी जाता जाता त्याचा अर्थ कळू लागला आहे. शरीर आणि आत्मा ही दोन वेगळी बिऱ्हाडे नव्हेत. शरीराला आराम मिळाला की मनालाही धीर येतो.

म्हणून केमो घेऊन आलेल्या सासूचे पाय सून तेलाने चोळते, तेव्हा ते औषध नाही म्हणून कुणी कमी लेखू नये. रात्री झोप येत नाही म्हणून कुणी श्वासाचे व्यायाम करतो, हलकी आसने करतो, भजने लावून डोळे मिटून पडतो, यात गैर काहीच नाही. विज्ञानही याच्या आड येत नाही. २०१८ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. चिंता आणि मनावरचा ताण कमी करायला ध्यान, संगीत आणि योगासने, मन खचले असेल तर मालिश, केमोमुळे होणाऱ्या मळमळीला इतर औषधांच्या जोडीला विशिष्ट बिंदूंवर दाब देणे किंवा सुईचे उपचार, यांना त्यात जागा आहे. यांपैकी कशानेही कर्करोग बरा होतो असे त्या सूचना म्हणत नाहीत. उपचार सोसायला बळ येते, एवढेच म्हणतात. आणि ते थोडे नाही.

पण त्याच सूचनांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. उपचारांचे त्रास कमी करण्यासाठी पोटात घ्यायच्या पूरक गोळ्या-चूर्णांचा उपयोग होतो, असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. अंगाला लावायचे, कानांनी ऐकायचे, श्वासाने करायचे ते एक आणि पोटात घ्यायचे ते दुसरे. हा फरक प्रत्येक घराने लक्षात ठेवावा.

झाडपाला म्हणजे निर्धोक?

“फादर, झाडपाल्याचं आहे, गुण नाही आला तरी अपाय नाही.” हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले असेल! वाक्य कानाला गोड लागते, पण खरे नाही. आपल्या अंगणात, दफनभूमीच्या कडेला सदाफुली फुलते. तिच्यापासून मिळालेले व्हिनक्रिस्टिन हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात आणि त्याने असंख्य मुले वाचली आहेत. पण ते औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर देतात. तीच सदाफुली कुणी पानांचा रस काढून प्यायला तर ती विषारी आहे. ज्या झाडात बरे करण्याची ताकद आहे त्यात बिघडवण्याचीही आहे. ताकदच नसेल तर ते घ्यायचे तरी कशाला?

परदेशात उदासपणावर एक वनस्पती फार लोकप्रिय आहे. ती २४ जूनच्या, म्हणजे संत जॉन बाप्तिस्ताच्या सणाच्या सुमारास फुलते, म्हणून तिचे नाव सेंट जॉन्स वर्ट. ती घेतली की यकृत इतर औषधे अधिक वेगाने मोडून टाकते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या गोळ्यांचा आणि केमोच्या काही औषधांचाही परिणाम त्यामुळे कमी होतो. रुग्णाला वाटते मी औषध घेतो आहे, पण ते अंगात पुरेसे टिकतच नाही. नावात संत आहे म्हणून वनस्पती निरुपद्रवी ठरत नाही!

आपल्या जवळचे उदाहरण गुळवेलीचे. कोविडच्या दिवसांत घराघरात तिचा काढा उकळत होता. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, दुसरीच वेल असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. या वादाचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण दोन्ही बाजूंचे ऐकले तरी घरच्या माणसाला एक गोष्ट कळते. आपण काय घेतो आहोत याची खात्री नसेल, तर ‘अपाय नाही’ असे म्हणता येत नाही.

याचा अर्थ आपल्या जुन्या वैद्यकाला तुच्छ मानावे असा मुळीच नाही. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा तिचा परिणाम नीट नोंदवला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. त्यानंतर साऱ्या जगाने तिची दखल घेतली. डॉ. वकिलांनी परंपरेचा अपमान केला नाही आणि आंधळेपणाने तिच्यापुढे मानही झुकवली नाही. त्यांनी तिला प्रश्न विचारला. खऱ्या आदराची हीच रीत आहे.

घसरण कुठे होते

‘सोबत घेतो, ऐवजी नाही’ असे सगळेच म्हणतात. २०१८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या उपचारांसोबत पूरक उपचार घेणारे २५८ कर्करोगी आणि न घेणारे १,०३२ कर्करोगी यांची त्यांनी तुलना केली. पूरक उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्क्यांनी सांगितलेली केमो नाकारली होती, इतरांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. पाच वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ८२ टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातले सुमारे ८७ टक्के. नाकारलेल्या उपचारांचा हिशेब धरल्यावर मात्र दोन्ही गटांत ठामपणे सांगण्याइतका फरक उरला नाही. म्हणजे पूरक उपचारांनी माणसे दगावली असे नव्हे. त्यांच्या आधारावर जे सोडून दिले, त्याने घात केला.

माणूस ‘सोबत’ म्हणून सुरुवात करतो. केमोने केस जातात, तोंड येते, अन्न गोड लागत नाही. चूर्णाने काहीच त्रास होत नाही. मग मन म्हणते, जे त्रास देत नाही तेच चांगले. एक तारीख चुकते, मग दुसरी चुकते. कुणी ठरवून उपचार सोडत नाही, ते हळूहळू सुटत जातात.

इथे कुणी विचारील, “मग डॉक्टर सांगतील ते सगळे मुकाट्याने घेतलेच पाहिजे का? नाही म्हटले तर पाप?” नाही. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप पायस बारावे यांनी हे स्पष्ट केले होते. जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे. पण जे उपाय रुग्णावर किंवा घरच्यांवर फार जड ओझे टाकतात, ते केलेच पाहिजेत असे बंधन नाही. आजार बरा होण्यापलीकडे गेलेला आहे, शरीर थकले आहे, अशा वेळी आणखी केमो नको, दुखणे कमी करा, घरी माझ्या माणसांत राहू द्या, असे म्हणणे हा देवावरचा अविश्वास नव्हे. पण हा निर्णय डोळे उघडे ठेवून, डॉक्टरांशी, घरच्यांशी आणि प्रभूशी बोलून घ्यायचा असतो. तसे ‘नाही’ म्हणणे वेगळे आणि डबी लपवून हळूहळू दूर जाणे वेगळे.

श्रद्धेची परीक्षा नको

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक म्हणाला, देवदूत झेलतील! प्रभूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहायची नसते. ‘मी गोळ्या बंद करतो, देव मला बरे करील’ असे म्हणणारा भाविक नकळत त्याच शिखरावर उभा असतो. कोणत्याही प्रार्थनासभेत, कोणीही, अगदी आमच्यासारख्या धर्मगुरूनेही औषध बंद करायला सांगितले, तर ऐकू नका. लुर्ड्स येथे बरे झालो असे कुणी सांगितले तर ख्रिस्तसभा आधी त्याचे कागद डॉक्टरांपुढे ठेवते. त्यासाठीचे वैद्यकीय कार्यालय १८८३ पासून आहे. हजारो दाव्यांतून २०१८ पर्यंत अधिकृतपणे चमत्कार मानले गेले ते फक्त ७०. जी ख्रिस्तसभा चमत्कारालाही तपासणीला बसवते, तिची मुले बिननावाच्या डबीला तपासणीवाचून कशी सोडतात?

आणखी एक. काही उपचार शरीराला आराम देण्यावर थांबत नाहीत, गूढ शक्ती हातातून सोडल्याचा दावा करतात. २००९ साली अमेरिकेच्या बिशपांनी रेकीविषयी सावध केले ते याच कारणाने. विज्ञानाचा आधार नाही आणि आपल्या श्रद्धेतही बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शंका असेल तर आमच्याकडे या, बोलू या.

मौन म्हणजे संमती

आता पुन्हा त्या डबीकडे येऊ. मावशींनी ती का लपवली? डॉक्टर ओरडतील म्हणून. हाही प्रश्न विचारायलाच हवा. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी मोजकी मिनिटे मिळतात. वैद्य किंवा चूर्ण देणारा मात्र तासभर बसवून घेतो, नाडी धरतो, घरचे विचारतो. माणूस ऐकून घेणाऱ्याकडे जातो. आपल्या धर्मग्रामात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे, रुग्णाने असे काही सांगितले तर आधी ऐकून घ्या. एकदा ओरडलात तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही.

पण मावशींनी डबी आमच्यापासून लपवली नव्हती. तिथेच आमची चूक झाली. आपल्याकडे म्हणतात, मौन म्हणजे संमती. आम्हाला वाटले होते, न बोलणे म्हणजे मध्ये न पडणे. पण ज्याच्याकडे लोक विश्वासाने पाहतात त्याचे न बोलणे हेही एक बोलणेच असते. त्यात ती डबी मरियामातेच्या मागे होती आणि समोर फादर हसत होते! मावशींनी ‘चालतं’ असा अर्थ काढला, यात त्यांचा दोष नाही. आम्हाला औषधातले कळत नव्हते, हे खरे आहे. पण एवढे म्हणायला वैद्यकाची पदवी लागत नव्हती, “मावशी, हे डॉक्टरांना दाखवा. भीती वाटत असेल तर मी बरोबर येतो.” प्रेम होते, पण धीर कमी पडला. त्याबद्दल आम्ही मावशींची क्षमा मागितली आहे आणि आज तुमच्यासमोरही मागतो.

तुमच्यापैकी प्रत्येकाला कुणीतरी अशी डबी दाखवत असते. बहीण दाखवते, शेजारीण दाखवते, ट्रेनमधली मैत्रीण दाखवते. तेव्हा नुसते हसू नका. रागावूही नका. चार गोष्टी सांगा. एक, जे जे घेता ते वहीत लिहा आणि डबी-बाटलीसकट डॉक्टरांना दाखवा. दोन, ज्यावर नाव आणि घटक लिहिलेले नाहीत ते पोटात घालू नका. तीन, जो म्हणेल ‘डॉक्टरांचे बंद करा’ किंवा ‘डॉक्टरांना सांगू नका’, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. चार, ‘खात्रीने बरा करतो’ म्हणून जो आगाऊ पैसे मागतो त्याला देण्यासाठी दागिने मोडू नका. आणि रुग्णालयात एकट्याने जायला घाबरणारा कुणी असेल तर आम्हाला कळवा. मिस्सा आटोपून आम्ही पहाटेची लोकल पकडू.

मावशींची केमो पुढे सुरू झाली आणि पूर्णही झाली. तपासण्या अजून चालू आहेत. पुढचे देवाच्या हाती आहे. आता त्या रुग्णालयात जाताना कापडी पिशवीत घरातले सगळे घेऊन जातात आणि टेबलावर मांडतात. डॉक्टरांनी त्यातले चूर्ण आणि एक काढा बंद केला. रात्री सुनेने पायाला खोबरेल तेल चोळणे आणि झोपण्याआधीची जपमाळ मात्र चालू ठेवायला सांगितली. मागच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो, तेव्हा मरियामातेच्या मागे काही नव्हते. मावशीच म्हणाल्या, “बघा फादर, मागे बघा.” आम्ही पाहिले.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्ड्स मातेच्या सणाला, आपण जागतिक रुग्णदिन पाळतो आणि आजाऱ्यांना तैलाभ्यंग देतो. त्या तेलाने माणूस डॉक्टरांपासून दूर जात नाही, देवाच्या अधिक जवळ येतो. आपल्या घरातल्या प्रत्येक आजाऱ्याला आराम मिळो, योग्य उपचार मिळो आणि खरे सांगायला न घाबरण्याचा धीर मिळो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.

तुमचे धर्मगुरू